क्रूझचं छापील तिकीट

गडचिरोलीच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात ती बाई मला एकदाच भेटली. साठी ओलांडलेली, पायात नवेकोरे बूट. मैत्रिणींसोबत मुंबईहून क्रूझवर निघाली होती आणि तिकीट छापून मागत होती.

"आई, मोबाईलमध्ये आहे ना तिकीट. कागद कोणी पाह्यत नाई तिथी," मुलगा वैतागला.

"मोबाईल कोणाचा?"

"माहा. पाठवतो ना तुले जहाजात चढाच्या दिवशी."

"मागं गोव्याच्या टायमाले मोबाईलमधूनच रद्द केलं तू. आई एकटी कुठी जाते मनून. मले इचारलं होतं का?"

मुलानं तिकीट दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

"मी समुद्र पाहाले जाऊन राह्यली. माहं जाणं माह्या हातात पाह्यजे," ती म्हणाली. "दोन काढ, भाऊ."

कागद अजून गरम होता. तिनं उभ्यानंच त्यावरचं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. सगळे वळून पाहू लागले, तरी आवाज खाली आला नाही. ते नाव मी आता विसरलोय, पण तो आवाज अजून कानात आहे.

बस लागली तसा मुलानं हात पुढे केला. तिनं त्याच्याकडे बॅग चढवायला दिली आणि कागद स्वतःजवळ ठेवून बसमध्ये चढली.