आजोबांच्या कडक रक्तवाहिन्या
काल मानेवर सोनोग्राफीचं गार जेल लागलं आणि कर्वेनगरमधली स्पिरिटच्या वासाची ती खोली आठवली. म्हातारपणी हाडांतलं कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं का, हे मी तिथे पीएचडीनंतर शोधत होते. मानेच्या अशाच तपासणीला आलेल्या एका आजोबांच्या रक्तवाहिन्या फारच कडक निघाल्या. मी चाचरत सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्या आजी पर्स बंद करत शांतपणे म्हणाल्या, "अहो, घाबरताय काय? इतकी वर्षं स्वभाव कडक होता, तो आता आत उतरला." आधी आजोबाच हसले, मग मी. आज माझा रिपोर्ट आला. हा किस्सा तोंडपाठ असलेल्या नवऱ्याने रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाला, "तुझाही आत उतरला म्हणायचा."