बावीस पायऱ्या

फौजीसाहेब हातातलं पेन स्वतःच्या उजव्या पायावर टकटक वाजवायचे आणि कोर्ट गप्प व्हायचं. गुडघ्याखालचा तो पाय खोटा होता. नवे वकील दचकायचे. जुने म्हणायचे, आमच्या साहेबांना हातोडा लागत नाही. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून माझ्या हातातली फाईल खाली पडली होती. मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि न्यायाधीश इतक्या जवळून पाहणाराही मीच पहिला.

ते बीडकडचे. अठराव्या वर्षी फौजेत शिपाई झाले आणि पाचच वर्षांनी सीमेवर त्यांचा पाय सुरुंगावर पडला. फौजेच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या पुस्तकं मागवली. मग पदवी, वकिली, परीक्षा, आणि न्यायाधीशाची खुर्ची. कुणी कीव करायला लागलं की म्हणायचे, "पाय तिकडं राहिला. बाकीचा माणूस परत आलाय, त्याच्याशी बोला."

माझे वडील मजुरीला जायचे. एकदा माझा विसरलेला डबा घेऊन ते कोर्टात आले आणि दाराबाहेर चप्पल काढून उभे राहिले. साहेबांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची पुढं सरकवली. "तुम्ही बसा. पोरगं राहील उभं." वडिलांनी हे पुढं गावभर सांगितलं. ते खुर्चीवर बसलेच नव्हते, तेवढं मात्र सांगायचे नाहीत.

कोर्ट वरच्या मजल्यावर होतं. बावीस पायऱ्या. साहेब कठड्याला हात न लावता चढायचे. बांधकाम खात्याचा माणूस एकदा विचारायला आला, साहेब, तुमच्यासाठी कोर्ट खालच्या खोल्यांत घ्यायचं का? साहेब म्हणाले, "माझ्यासाठी? मला गरज नाही." मी मागं उभा होतो. माझी छाती फुगली होती.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. सकाळी जिन्याखाली एका म्हातारीनं मला विचारलं, "बाबा, कोर्ट वरच हाय का?" तिची डावी बाजू लकव्यानं गेलेली दिसत होती. मी "व्हय, वरच" म्हणालो आणि दोन-दोन पायऱ्या टाकत निघून गेलो.

अकराच्या सुमारास शिपायानं दारात उभं राहून नाव पुकारलं. गयाबाई. तिच्या शेताकडं जायची वाट दिरानं काटे टाकून बंद केली होती, त्याविरुद्ध तिचा दावा. तीनदा पुकारा झाला. तिचा वकील त्या दिवशी धाराशिवला गेलेला. आमच्याकडची रीत अशी, की तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंत जो दारातून आत आला तो हजर. ती म्हातारी हीच असणार, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण भर कोर्टात तोंड कसं उघडायचं? मी मान खाली घालून 'वादी गैरहजर' लिहिलं. साहेबांनी दावा काढून टाकला.

दुपारी साहेब जेवायला खाली निघाले, मागं मी. तिसऱ्या पायरीवर ती बसली होती. साहेबांना बघून म्हणाली, "साहेब, माजं नाव कवा घेनार? सकाळधरनं बसलेय. एवढ्याच पायऱ्या झाल्या बगा."

साहेबांनी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि त्यांनी कठडा धरला. त्यांचा हात मी कठड्यावर पहिल्यांदाच पाहिला. चेहरा पांढरा पडला होता. सुरुंगाची गोष्ट हसत सांगणारा माणूस तिच्याशेजारी पायरीवर मटकन बसला. मग हळूच म्हणाले, "हा जिना मी माझ्या एकट्याचाच समजत होतो."

अडीच वाजता टेबल खालच्या व्हरांड्यात आलं. तिच्या वकिलाला फोन गेला, दुसऱ्या वकिलानं दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज लिहिला. दिराच्या वकिलाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं. मग साहेबांनी आदेश सांगायला सुरुवात केली आणि मी लिहू लागलो: "पक्षकार हजर होती. न्यायालय तिच्यापर्यंत पोचले नाही." माझा हात थांबला. मी सकाळी तिला पाहिलं होतं, हे तिथंच सांगून टाकलं. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. साहेब म्हणाले, "तू बोलला नाहीस, मी विचारलं नाही. माझं आदेशात लिही. तुझं तू लक्षात ठेव."

गयाबाईला पुढच्या वर्षी वाट मिळाली. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी साहेब खाली बसू लागले, आणि पुकारा आधी जिन्याखाली व्हायला लागला. वर्षभरानं त्यांची बदली झाली. निघताना मला म्हणाले, "निकाल नुसते टाईप करू नकोस. वाचत जा." वाचता वाचता मी कायद्याची पदवी घेतली.

परवाची गोष्ट. मी आता जिल्ह्यातल्याच दुसऱ्या कोर्टात वकील आहे. तेही वरच्या मजल्यावर. एका साक्षीदाराचा पुकारा झाला. नाव ऐकून चमकलो, पण ते नाव आमच्याकडं घरोघर सापडतं. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर सवयीनं मी जिना बघायला गेलो.

सहाव्या पायरीवर एक म्हातारा बसला होता. विजारीचा उजवा पाय मांडीपासून रिकामा, बाजूला कुबड्या. बहिणीच्या दाव्यात साक्ष द्यायला आले होते. पाय पुन्हा वरून कापावा लागला, हे मला कुणी कळवलंच नव्हतं.

"ऐकू आलं तिन्ही वेळा," साहेब म्हणाले. "उठता आलं नाही."

मी त्यांच्याजवळ खाली बसायला लागलो, तर त्यांनी कुबडीच्या टोकानं मला वर ढकललं.

"आधी वर जा. गैरहजर लिहितील."