वर्गमुळाचं छप्पर

नाक मुरडण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांची बरोबरी करणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडणार नाही. लोक जेवणाला नावं ठेवतात, जावयाला ठेवतात, सरकारला ठेवतात. मामाजी अपूर्णांकाच्या रेघेला नावं ठेवतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, आणि निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केलं, की आतल्या गावांतल्या पोरांसाठी दहावीच्या गणिताचं सोप्या मराठीतलं पुस्तक लिहिणार. जाहीर करायला एक मिनिट लागलं. ते कॉम्प्युटरवर कोणत्या प्रोग्राममध्ये लिहायचं हे ठरवण्यात पुढची सहा वर्षं गेली.

गडचिरोलीत माझं टायपिंग आणि छपाईचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असलं काम. साहजिकच पहिला हल्ला माझ्यावर झाला. दर बुधवारी सकाळच्या बसनं मामाजी यायचे, खिशातून सहा इंची पट्टी काढायचे आणि मी केलेली प्रश्नपत्रिका मोजायला बसायचे. माझ्या प्रोग्राममध्ये अपूर्णांकाची रेघ वेगळी काढावी लागते, वरचा आकडा वेगळा, खालचा वेगळा. मागून कुठे एक शब्द वाढवला, की आकडे पुढे सरकतात आणि रेघ जागच्या जागी लोंबकळत राहते. एकदा अशीच एक रेघ शेजारच्या प्रश्नात शिरली आणि अख्ख्या वर्गानं तिला वजाबाकीचं चिन्ह समजून वजाबाकी केली. मामाजींनी ही हकिकत माझ्या नावासकट तीन लग्नांत सांगितली. दुकानात मात्र एवढंच म्हणाले, "या रेघेले कोणी सांगतलं नाई वाटते, कुठी थांबाचं म्हणून."

मग त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला. त्यात पत्रं लिहायचा जो नेहमीचा प्रोग्राम असतो, त्यात समीकरणांची तयार चौकट मिळते. खालीवर रिकामे डबे येतात, त्यात आकडे भरायचे. दोन दिवस मामाजी खूश होते, आणि आम्ही सगळे घाबरलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी 'अंतर भागिले वेळ' लिहिलं. अंतरावरचा अनुस्वार उडाला आणि वेळेच्या डोक्यावर जाऊन बसला. फोनवर त्यांचा आवाज असा, की मला वाटलं घरात कोणाचं काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, शब्दांऐवजी अक्षरं घाला, पोरांना चालतं. त्यावर त्यांनी मला अर्धा तास समजावलं, की पोरांना काय चालतं हे लग्नपत्रिका छापणाऱ्यानं सांगू नये.

चंद्रपूरच्या एका प्राध्यापकानं त्यांना लॅटेक सुचवलं. यात पान दिसतच नाही. प्रत्येक सूत्र उलट्या तिरक्या रेघा घालून इंग्रजी हुकमांत लिहायचं, सगळं झालं की चालवायचं, आणि मग पान उगवतं किंवा लाल अक्षरांत शिव्या येतात. मामाजी या वयात ते शिकले, हे मान्य केलं पाहिजे. रेघा अशा सुरेख आल्या की पट्टी खिशातच राहिली. आता सुटलो, असं मला वाटलं. पण मराठी फाँट बसवण्यात पावसाळा गेला, आणि बसल्यावर निकाल लागला, "अक्षर अन् आकडे एका पंगतीत बसून नाई राह्यले." झालं. तेही बाद. बाद प्रोग्रामांची त्यांच्याकडे एक वहीच होती, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सहा वर्षांत त्यांनी लिहिलेलं एकमेव पुस्तक ते.

या सगळ्यात एक बाई वाट पाहत होत्या. तलावात मासेमारी करणाऱ्या घरातल्या, मामाजींच्या जुन्या विद्यार्थिनी, आता धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवतात. पुस्तक झालं की पहिलं मला द्या, असं त्या दरवर्षी सांगून जायच्या आणि दरवर्षी एक दहावी तशीच निघून जायची. शेवटी त्यांनी मामाजींच्या वर्गात उतरवून घेतलेल्या जुन्या वह्यांवरून, शाळेच्या कॉम्प्युटरवर, जमेल तशी चाळीस पानं केली, प्रती काढून पोरांना वाटल्या आणि एक प्रत सावलीला आणून त्यांच्या हातात ठेवली.

मी तिथेच होतो. मामाजींनी पट्टी काढली. इथे कंस वाकडा, तिथे बरोबरचं चिन्ह खाली. बाई मान खाली घालून ऐकत होत्या, आणि मला त्या पट्टीचे दोन तुकडे करावेसे वाटत होते. मग एका पानावर ते थांबले. काटकोन त्रिकोणाचं उदाहरण होतं, √९ + १६. वर्गमुळाच्या चिन्हाला छप्पर नव्हतं. ते नऊपुरतं आहे की सोळावरही आहे, कळायला मार्ग नव्हता.

"पोराईनं उत्तर किती काढलं?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस, सर," बाई म्हणाल्या. "सगळ्याईनं."

उत्तर पाच आहे, पंचवीसचं वर्गमूळ. आता हे फुटणार, अशी मी तयारी केली. ते फुटले नाहीत. पोरं किती आहेत ते विचारलं, परीक्षा कधी आहे ते विचारलं, आणि धानोऱ्याची बस किती वाजता असते ते मला विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बेचाळीस पोरांच्या बेचाळीस प्रतींत मामाजींनी पट्टी धरून प्रत्येक वर्गमुळावर छप्पर काढलं, आणि मग फळ्याजवळ उभे राहून ते का लागतं हे शिकवलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी पट्टी पुसून पुन्हा खिशात घातली. सावली जवळ आल्यावर म्हणाले, "ते एकोणीस माहं आहे. मी प्रोग्रामच निवडत बसलो."

त्यानंतर बाईंनी सूत्रं हातात घेतली. "सर, प्रोग्राम मी निवडते. तुमी निस्ते सांगा," असं त्यांनी सरळ सांगितलं आणि लॅटेक निवडलं. दर रविवारी त्या यायच्या, मामाजी सांगायचे, त्या लिहायच्या. कुरकुर अखंड चालू असायची, पण पुस्तक पुढे सरकत होतं. काचबिंदूनं मामाजींची नजरही त्याच सुमारास उतरत चालली होती. त्याबद्दल मात्र त्यांनी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात दोघं पहिल्या प्रकरणाची पानं घेऊन दुकानात आले. मामाजींनी एक पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग ते बाईंच्या हातात दिलं.

"बरं दिसते का?"

"दिसते, सर."

मग माझ्याकडे, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे, तोंड करून म्हणाले, "मंग छाप."

मी मशीन सुरू केलं. पहिलं पान गरम गरम बाहेर आलं, ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्यावरून बोटं फिरवली आणि घडी न पडू देता मांडीवर ठेवलं. त्यांनी काहीतरी चूक काढावी, अशी मी खूप वेळ वाट पाहिली.