पाऊस थांबताच बंद

मेलेला माणूस कावळा होत नाही, हे भरवेलीच्या डोमाजीने अडतीस वर्षं सांगितलं. खाणीत सांगितलं, विहारात सांगितलं, आणि पितृपक्षात तर कोणी न विचारता, लोकांच्या अंगणात उभं राहून सांगितलं. लोक मान डोलवत आणि कावळ्याचं पान वाढत. डोमाजी चिडून घरी जाई, पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

अशा माणसावर यंदा काय वेळ यावी! ऐन पितृपक्षात झड लागली. नऊ दिवस पावसाने उसंत घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी डोमाजीच्या आवारभिंतीवर सहा कावळे चिंब होऊन बसले, आणि त्यातला एक बसल्या जागी खाली पडला. डोमाजीने तो उचलून चुलीजवळ ठेवला. सकाळी कावळा शुद्धीवर आला आणि आधी डोमाजीच्या बोटाला चावला.

"भुकेला हाय बिचारा," डोमाजी म्हणाला आणि बायकोला, ललिताला, कनकीचा, तुकडा तांदळाचा, भात टाकायला सांगितलं.

ललिता पातेलं हातात धरून थांबली. "आता? पितरपाखात? तुमी?"

"हौ. भूक का पंचांग पाहून लागते?"

भिंतीवर पत्र्याचा आडोसा झाला, खाली भाताची ताटली गेली. वस्तीच्या हाती आयतंच कोलीत लागलं. सगळ्यात पुढे शेजारचा भैयालाल. "काकाजी, भात बापाले का मायले?" तो रोज विचारी. डोमाजीने शेवटी ताटलीवर पाटी टांगली: 'हे खाणं खराब हवामानासाठी आहे. पितरांसाठी नाही. पाऊस थांबताच बंद.' कावळ्यांनी ती वाचली की नाही, देव जाणे. ते सहाचे चाळीस झाले.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी लख्ख ऊन पडलं. डोमाजीने शब्दाला जागून ताटली घासली आणि पालथी घातली. कावळे मात्र भिंतीवरच बसून राहिले.

दहाच्या सुमारास भैयालाल आला. घसा बसलेला, हातात पळसाच्या पानावर वाढलेलं जेवण. सकाळपासून गच्चीवर काव काव करून थकला होता.

"काकाजी, बाबाचं पान हाय. पहिलंच. एकही कावळा येऊन नाही राह्यला. सारे तुमच्या भिंतीवर."

"बाबू, मेलेला माणूस..." डोमाजीने सवयीने सुरुवात केली आणि पानाकडे पाहिलं. भात, वडे, आणि कडेला जवसाची चटणी.

"चटणी काहून?"

"बाबाले आवडे ना. तुमच्या डब्यातली." भैयालालचे डोळे भरले होते. आज थट्टा नव्हती.

डोमाजी खाणीत नवा होता तेव्हा जात पाहून त्याच्या डब्याजवळ कोणी बसत नसे. भैयालालचा बाप प्रेमलाल बसला. विचारलं नाही, सरळ डोमाजीच्या चटणीत बोट घातलं, चाखलं, आणि मग आपला डबा उघडला. पुढे बावीस वर्षं रोज तेच.

एव्हाना अर्धी वस्ती दारात येऊन उभी होती. आज डोमाजीच्या भिंतीवर पान गेलं की अडतीस वर्षांचं बोलणं मातीत. आणि नाही गेलं, तर प्रेमलालचं पोरगं भरलं पान घेऊन परत जाणार. डोमाजीने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता.

तो घरात गेला. बाहेर आला तो काळी छत्री घेऊन. अंगणात उभं राहून त्याने ती उघडली, भैयालालच्या हातातलं पान घेतलं आणि पत्र्याखाली ठेवलं. कावळे तुटून पडले. पहिल्याने चटणीतच चोच घातली.

"काकाजी," भैयालाल हळूच म्हणाला, "ऊन हाय."

"पाऊस येऊन राह्यला," डोमाजी म्हणाला, आणि पान रिकामं होईपर्यंत छत्री धरून उभा राहिला.