कानदादांचं किट

सभागृहातल्या माणसांनी त्यांचं नाव कानदादा ठेवलं होतं आणि ते त्यांना फार आवडायचं. चौतीस वर्षं ते एका मोठ्या सभागृहाच्या ध्वनियंत्रणेवर बसले. भाषणं, नाटकं, मैफली, शाळांची बक्षीस-समारंभाची गुऱ्हाळं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. समोर मीटर असायचे, पण मीटर बघून आवाज लावणाऱ्याला ते कच्चं मडकं समजायचे. "कान आधी बोलतो, मीटर मागून," हे त्यांचं पालुपद. दुसरा हट्ट तारांचा. सगळ्या तारा एकत्र घ्यायच्या, सरळ करायच्या आणि दर दोन बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारायची. हाताखालच्या कुणी तारा लोंबत्या ठेवल्या की कानदादा ओरडलेच म्हणून समजा, "हे वायरिंग आहे की गुंतवळ?"

निवृत्त झाले तेव्हा लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, काय पाठवू?" एरवी "काही नको गं" म्हणणारा हा गृहस्थ पटकन बोलून गेला, "व्हॉल्व्हच्या प्रीअँपचं किट." रेकॉर्ड प्लेअरमधून येणारा आवाज फार बारीक असतो. तो मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्याआधी थोडा सशक्त करायचा, हे प्रीअँपचं काम. आजकाल ते नखाएवढ्या चिपवर होतं. पण जुन्या पद्धतीने, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह लावून, एकेक तुकडा आपल्या हाताने सोल्डर मारून जोडायचा, ही कानदादांची तरुणपणापासूनची हौस होती.

किट आलं. कानदादांनी ते उघडलं, सगळे भाग मोजले, व्हॉल्व्ह उजेडात धरून बघितले आणि परत भरून खोकं कपाटावर ठेवलं. तिथे ते अकरा महिने राहिलं. दर रविवारी खाली यायचं, भाग मोजले जायचे, पुन्हा वर जायचं. कधी हवा दमट असायची, कधी चष्म्याचा नंबर बदलायचा असायचा, कधी सोल्डर चांगलं नसायचं. न बांधण्याला कारणांचा तोटा नव्हता.

खरं कारण ते सांगणार नाहीत, म्हणून मीच सांगतो. निवृत्तीच्या आधी चार महिने सभागृहात एक सत्कार होता. सत्कारमूर्ती बाई माइकवर बोलायला उभ्या राहिल्या आणि सभागृहभर एक बारीक, टोकदार शिट्टी सुरू झाली. सहाशे माणसांनी कानांत बोटं घातली. बाईंनी कागद खाली ठेवला. आणि कानदादा? ते आवाज लावायच्या मिक्सरमागे हातांची घडी घालून, प्रसन्न चेहऱ्याने बसले होते. व्यवस्थापक धावत आला, "अहो, शिट्टी! शिट्टी!" म्हणून ओरडला, तेव्हा यांनी दचकून आवाज खाली केला. नंतर त्यांनी सगळ्यांना सांगितलं की मिक्सर खराब झालाय. चौतीस वर्षांची पत. कोण म्हणणार त्यांना, नाचता येईना अंगण वाकडं? नवा मिक्सर आला. जुना एका शाळेला दिला आणि तिथे तो आजही ठणठणीत चालतो. ही गोष्ट कानदादांना माहीत होती.

म्हणून किट वर बसलं होतं. प्रीअँप बांधून झाला की शेवटची तपासणी कानानेच करायची असते. कान ठीक निघाले तर मिक्सर खराब होता. नाही निघाले, तर त्या दिवशी सहाशे माणसांना जे ऐकू आलं ते एकट्या कानदादांना आलं नव्हतं. मग चौतीस वर्षांच्या त्या नावात उरलं काय? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, किटच्या विरोधात होत्या. "कशाला तो खटाटोप? जेवायचं टेबल अडेल," म्हणायच्या. वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर सव्वीस वर्षं ऑपरेटर होत्या. पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणाला की तो घाबरलाय की नुसताच चिडलाय, हे त्यांना कळायचं. घराची बेल चिमणीसारखी चिवचिवायची. ती वाजली आणि कानदादा पेपरातून मान वर करेनात, हे वहिनींनी तीन वर्षांपूर्वीच हेरलं होतं. तेव्हापासून "मी उठतेच आहे" म्हणत दार त्याच उघडायच्या. टेबलाचं नुसतं निमित्त होतं. सत्काराच्या दिवशी त्या तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही कानांत बोटं घातली होती, आणि घरी येऊन मिक्सरला चार शिव्याही दिल्या होत्या.

एका बाबतीत मात्र दोघांचं जमायचं नाही. कानदादा घरच्या चिपवाल्या संचावर रेकॉर्ड लावायचे, उंच स्वरांचा नॉब शेवटपर्यंत पिळायचे आणि डोळे मिटून बसायचे. दोन मिनिटांत वहिनी उठून स्वयंपाकघरात. "आमच्या ऑपरेटरबाईंना गाण्यात गती नाही," असं ते पाहुण्यांना हसत सांगायचे. वहिनीही हसायच्या.

आणि मग एका रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, किट कसं वाजतंय?"

कानदादांच्या तोंडून निघून गेलं, "अप्रतिम! अगं, सुई पडली तरी ऐकू येईल!"

"अरे वा! मग पुढच्या रविवारी येतेच ऐकायला."

झाली का पंचाईत! फोन ठेवला तेव्हा किट कपाटावर होतं आणि कानदादांचा चेहरा पडला होता.

"सांगा की बिघडलंय म्हणून," वहिनी म्हणाल्या.

"मी बांधलेलं? आणि बिघडलं?" कानदादा उसळले. "आण ते खोकं खाली."

पुढचे पाच दिवस दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवली. टेबलावर वर्तमानपत्रं, त्यावर रेझिस्टर रांगेत मांडलेले, चिमटे, भिंग, सोल्डरचा धूर. आणि काय सांगू, त्या माणसाचा हात जरासुद्धा कापला नाही. एकेक सांधा चकचकीत. कानदादा शीळ घालायला लागले, भूक लागली म्हणायला लागले. वहिनींनी त्यांना इतकं खुशीत वर्षभरात बघितलं नव्हतं आणि त्यामुळे त्यांना जास्तच धास्ती वाटायला लागली.

किटबरोबर एक पुस्तिका होती. तिच्यात एका पानावर लाल चौकटीत लिहिलं होतं की आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार एकमेकींपासून लांब ठेवा. कानदादांनी ते वाचलं. "मला शिकवतात!" म्हणाले आणि पान उलटलं. मग मेणाचा दोरा काढला. आतली, बाहेरची, सगळ्या तारा त्यांनी एकत्र घेतल्या, सरळ केल्या आणि दर दोन बोटांवर गाठ मारली. बावीस गाठी. ते वायरिंग इतकं देखणं झालं की त्यांनी शेजारच्या प्लंबरला बोलावून दाखवलं.

शनिवारी सकाळी बटण दाबलं. व्हॉल्व्हमध्ये हळूहळू नारिंगी उजेड भरला. अजून रेकॉर्ड लावली नव्हती. कानदादांनी आवाज मोठा केला आणि स्पीकरला कान लावला. जोडणीत चूक असली तर आधी घूंऽऽ असा जाड आवाज येतो. तो नव्हता. काहीच नव्हतं. ते उभे राहिले, त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ! चिडीचूप! माझा कान अजून शाबूत आहे!"

दारात वहिनी दातांवर दात दाबून उभ्या होत्या. शिट्टी अशी येत होती की दाढेत कळ जावी. गप्प राहावं असं त्यांच्या फार मनात होतं. तीन वर्षं राहिल्याच होत्या. पण उद्या लेक येणार, आत पाऊल टाकताच कान झाकणार, आणि यांचा चेहरा पुन्हा सगळ्यांसमोर त्या दिवशीसारखा होणार.

"अहो," त्या म्हणाल्या, "शिट्टी येतेय."

"कसली शिट्टी? कुकर असेल."

"कुकर धुऊन पालथा घातलाय."

"मग भास असेल! तुला काय कळतं गं आवाजातलं?"

"सव्वीस वर्षं केलं काय मी दुसरं?" वहिनी म्हणाल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी हा आवाज पहिल्यांदाच लावला होता.

कानदादांनी खुर्ची ओढली. "बस. पाठ कर माझ्याकडे. शिट्टी असली तर 'आहे' म्हण, नसली तर 'नाही'." सभागृहात नवा माणूस घेताना ते हीच परीक्षा घ्यायचे. आवाजाचा नॉब त्यांनी गुपचूप शून्यावर नेला.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

नॉब वर. "आहे." पुन्हा वर-खाली करण्याचं सोंग करून वरच ठेवला. "आहे." खाली. "नाही." असं दहा वेळा. दहापैकी दहा. कानदादांना दहाही वेळा सारखीच शांतता ऐकू आली होती.

ते खाली बसले, जमिनीवरच. त्यांना रडू आलं आणि ते रडले. वहिनी खुर्चीतून उठून त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"मिक्सर चांगला होता," कानदादा म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या रांगेत होते मी."

"आणि त्या बिचाऱ्या मिक्सरला शिव्या दिल्यास ते?"

"मग काय तुम्हाला देऊ?"

यावर कानदादांना रडता रडता हसू फुटलं. नाक पुसून त्यांनी पुस्तिका ओढली, लाल चौकट काढली आणि मोठ्याने वाचली, शेवटच्या ओळीसकट: 'जवळ आल्या तर शिट्टी येईल.' मग प्रीअँप बंद केला, आतली वीज उतरावी म्हणून दहा मिनिटं थांबले, मीटर लावून खात्री केली. वहिनींनी शिवणाची कात्री आणून दिली. पहिली गाठ कापायला त्यांना फार वेळ लागला. उरलेल्या एकवीस भराभर सुटल्या. आतली तार त्यांनी एका कडेने नेली, बाहेरची दुसऱ्या कडेने. बाकीच्या वाट्टेल तशा पसरल्या.

"गुंतवळ," ते स्वतःच म्हणाले.

"असू दे."

बटण दाबलं. नारिंगी उजेड भरला. कानदादांनी स्पीकरकडे बघितलं नाही, वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"गेली," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी रेकॉर्ड लावली. सवयीने उंच स्वरांचा नॉब शेवटपर्यंत पिळला आणि खुर्चीत बसले. वहिनी उठल्या, पण स्वयंपाकघराकडे गेल्या नाहीत. टेबलापाशी आल्या. "हे थोडं कमी करू?"

"का?"

"टोचतं हो. डोकं दुखतं माझं."

कानदादा बघतच राहिले. "म्हणून तू उठून जायचीस? इतकी वर्षं?" वहिनींनी नॉबकडे बोट दाखवलं. "कर," ते म्हणाले. "तुला हवं तसं कर."

वहिनींनी नॉब अर्ध्यावर आणला. कानदादांना गाण्यावर जाड चादर पडल्यासारखं वाटलं. तंबोऱ्याची झणझण तर गेलीच. त्यांचा हात नॉबकडे निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

"आता कसं वाजतंय?" त्यांनी विचारलं. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणालाही विचारला नव्हता.

"छान वाजतंय," वहिनी म्हणाल्या.

रेकॉर्डची बाजू संपली. वहिनी उठल्या. कानदादांना वाटलं, चालल्या आता. वहिनींनी रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली आणि पुन्हा येऊन बसल्या.