नूतनच्या खिडकीतली पाटी

‘लाँच रद्द’ हे दोन शब्द नूतन म्हात्रेने अकरा वर्षांत इतक्या वेळा म्हटले होते, की आता तिला तोंडही उघडावं लागत नसे. तिकीटखिडकीच्या जाळीमागे तिची मान एकदा डावीकडून उजवीकडे फिरे, आणि बाहेरच्या माणसाच्या खांद्यावरची पिशवी आपसूक जमिनीवर टेके.

मग सुरू होई.

“बाई, परवा रद्द, आज रद्द. तुमची लाँच चालते तरी कधी?”

“माझी असती तर मीच चालवली नसती का, दादा?”

“मग तिकडे सांगा ना कोणाला तरी!”

“तिकडे म्हणजे कुठे, तेवढं शोधून काढा. मी पण येते तुमच्यासोबत.”

लोक चिडत, हसत, पाय आपटत निघून जात. नूतन पुन्हा स्टुलावर बसे आणि दुखरा गुडघा दाबत राही. पेणच्या खारेपाटातला तो छोटा धक्का. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी. पलीकडच्या गावाचं देऊळ समोर दिसे. लाँचने वीस मिनिटं. रस्त्याने जायचं तर वडखळचा वळसा, आणि वडखळला गाड्या अडकल्या की किती वेळ लागेल ते कोणीच सांगू शकत नसे.

अकरा वर्षांत तीन कंपन्या झाल्या. पहिलीच्या लाँचमध्ये पाणी शिरायचं. दुसरीचा मालक एके दिवशी फोनच उचलेनासा झाला. आत्ताच्या तिसरीने नूतनला निळा शर्ट दिला, खिडकीला रंग दिला, अ‍ॅप काढलं. लाँच तीच जुनी, नाव नवीन. आणि खाडीतला गाळ तर तीनही कंपन्यांनी ‘पुढच्या हंगामात’ काढायचा ठरवला होता. त्या गाळामुळे ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास लाँच धक्क्याला टेकून बसे. चार फेऱ्या मात्र घड्याळावर ठरलेल्या: साडेसहा, साडेनऊ, चार, सहा. पाणी असो नसो.

नूतन मूळची गडबची. भातशेतीवाल्यांची पोर. लग्नाआधी तिने खाडी पाहिली ती एसटीच्या खिडकीतून, तेवढीच. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ती नवऱ्यासोबत, विशालसोबत, पलीकडे नणंदेकडे जेवायला गेली, आणि घड्याळ बघून परत निघाली. होडी मध्येच गाळात बसली. नूतनला वाटलं, काठ तर हा दिसतोय, चालत जाऊ. उतरली ती गुडघ्यापर्यंत रुतली. नवी कोरी चप्पल खाडीने ठेवून घेतली ती कायमची. अडीच तासांनी सासरे, काळुराम, बांधावर कंदील घेऊन आले आणि हसत म्हणाले, “सूनबाय, खाडी मनगटाला घड्याळ बांधत नाय गो!”

काळुरामांची सगळी हयात मिठागरात गेली. कोंड्यात, म्हणजे पाणी साठवायच्या तळ्यात, घ्यायचं ते भरतीचं पाणी; वेळ चुकली की मीठ गेलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुनेला चुलीपुढे बसवून हिशेब शिकवला. “तिथी किती? तिची पाऊणपट कर. तितक्या वाजता भरती. आज दशमी. दहाची पाऊणपट?”

“साडेसात.”

“मग साडेसातला पाणी भरलं. तिथून सहा तासांनी सुकलं. झालं. याच्यावर माझा जन्म गेला.”

खिडकीवर बसायला लागल्यावर नूतनने पूजाची, म्हणजे लेकीची, बालवाडीतली पाटी आणली आणि जाळीला टांगली. रोज सकाळी दिनदर्शिका बघून खडूने लिही: ‘द्वादशी. पाणी ९.’ बस. खारेपाटातल्या लोकांना तेवढं पुरे. बाकीच्यांना ती तोंडाने सांगे, “चारची नको, साडेनऊची घ्या.” कंपन्या बदलल्या, पाटी राहिली. लोक वेळापत्रक बघेनासे झाले. नूतनची पाटी बघून घरून निघत.

गणपतीच्या आधी आठ दिवस मितेश आला. तिशीतला, नव्या कंपनीचा व्यवस्थापक. पावसाळ्यात बंद असलेली लाँच नुकतीच सुरू झाली होती.

“मॅडम, हे काय आहे?”

“पाटी.”

“ते दिसतंय मला. ही का आहे?”

“लोकांना पाणी कळावं म्हणून.”

“त्यासाठी अ‍ॅप आहे ना?”

“अ‍ॅपमध्ये पाणी नाय, सर. अ‍ॅपमध्ये नुसत्या फेऱ्या हायत.”

मितेशने कपाळ चोळलं. “हे बघून लोक बुकिंग करत नाहीत.”

“पाणी नसेल तेव्हा करत नाहीत.”

“फेरी जाणार की नाही, ते कंपनी ठरवणार. गणपती स्पेशल लावलंय आपण. रद्द करायची वेळ आली, तर हवामान म्हणून टाकू. हवामान म्हटलं की भरपाई द्यावी लागत नाही. पाटी काढा.” आणि मग जरा खाली आवाजात, “ताई, मलाही वरून फोन येतात हो. तुमच्या जागी बसायला दोन मुली अर्ज देऊन बसल्यात. मी अजून नाही म्हणतोय.”

नूतनने ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि टेबलाखाली ठेवली. विशाल डंपरवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पूजाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो अकरा वर्षांत त्या खिडकीतून थोडा थोडा बाहेर गेला होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी चारच्या लाँचने पोपट आला. हा रोह्याकडचा, आतल्या गावातला. बायकोच्या गावी, पलीकडे, यंदा त्याने दोन खोल्या बांधल्या होत्या आणि तो डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर रात्रपाळी करायचा. पाटीच्या रिकाम्या जागेकडे बघून तो थबकला.

“नूतनताई, पाटी कुठं गेली?”

“काढली.”

“बरं. ऐक ना, उद्या साडेनऊची हाय ना? सातला शिफ्ट सुटते. तसाच जोह्याला जातो, मूर्ती घेतो, रिक्षाने इथं. नव्या घरातला पहिला गणपती गो! आई मुद्दाम रोह्याहून आलीय. सगळ्या गावाला भटजी एकच, आमच्याकडे बाराला येणार. हुकला की रात्रीच. आणि आई तोवर पाणीसुद्धा घ्यायची नाय. साखर हाय तिला.”

मितेश चार पावलांवर शिडीवर चढून ‘गणपती स्पेशल’चा फलक बांधत होता. सुतळी दातात धरून तो इकडेच बघत होता.

उद्या चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला खाडीचा तळ उघडा. दरवर्षी, न चुकता. खारेपाटातलं शेंबडं पोरही सांगेल.

“अ‍ॅपवर आहे तशी आहे,” नूतन म्हणाली.

“म्हणजे हाय!” पोपट खूश होऊन गेला.

रात्री जेवताना काळुरामांनी विचारलं, “उद्या चवथ. साडेनऊची तिकिटं दिलीस?”

“दिली, आबा.”

“पाणी तीनला गो.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग नोकरी करायची आहे, आबा.”

 म्हातारा भात कालवत राहिला. पोपटचा नंबर बुकिंगमध्ये होता. नूतनने फोन दोनदा हातात घेतला, दोनदा उशाला ठेवला.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो संदेश आला: ‘खराब हवामानामुळे ९.३०ची फेरी रद्द. पुढील फेरी ४.००.’

आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. वारा नावाला नव्हता. खाली गाळात खेकडे फिरत होते आणि लाँच एका कुशीवर कलंडून पडली होती. धक्क्यावर तीसेक माणसं, नूतनने तिकिटं दिलीत म्हणजे लाँच जाईलच अशा भरवशावर आलेली, आणि तोंडावर रुमाल टाकलेले अकरा गणपती.

“हवामान?” धोंडुबाईंनी जाळीला नाक लावलं. पलीकडच्या, सत्तरीतल्या, गणपती डोक्यावर घेतलेल्या. “कुठाय गो ते? मला तरी दाखव. आज पापड घातले तर दुपारपावेतो वाळतील!”

“आजी, मला वरून आलं तेच...”

“वरून? वर तर ऊन हाय!”

लोक हसले, पण ते हसणं फार टिकलं नाही. कोणीतरी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, वडखळला दोन तासांपासून गाड्या जागच्या हललेल्या नाहीत. एक बाई रडायला लागली. एकाने खिडकीच्या पत्र्यावर थाप मारली, दुसऱ्याने व्हिडिओ काढायला घेतला आणि नूतनला म्हणाला, “बोला, बोला, लोकांना कळू दे तुमची सर्व्हिस!” नूतन समोर बघत राहिली. असल्या व्हिडिओंत ती आतापर्यंत चार वेळा होती.

पोपट मात्र ओरडला नाही. तो पायरीवर मांडीत मूर्ती घेऊन बसला होता. रात्रपाळीचे डोळे लाल, हात अवघडलेले. खाली कुठे ठेवायची तर लोकांचे पाय. शेवटी त्याने मूर्ती शेजारच्याच्या हातात दिली आणि खिडकीशी आला.

“ताई, तुला काल माहीत होतं?”

नूतनची मान हलली. या खेपेला वरून खाली.

“मी रोह्याचा. आमच्याकडे भात कळतं, वाल कळतात. तुमचं पाणी मला नाय कळत. म्हणून तुला विचारलं. तू नाय म्हटली असतीस तर सुट्टी टाकली असती मी. पहाटेच्या साडेसहाने गेलो असतो.”

एवढंच बोलून तो परत पायरीवर गेला.

 नूतनने टेबलाखालून पाटी काढली, बाहीने पुसली आणि लिहिलं: ‘चतुर्थी. पाणी ३. लाँच ११।’, म्हणजे सव्वाअकरा. जाळीला टांगून ती बाहेर आली, दुखऱ्या गुडघ्याने पायऱ्या उतरली आणि लाँचच्या टपावर बिडी ओढत बसलेल्या तांडेलाला हाक मारली.

“सुजय, सव्वाअकराला तरंगेल का रे?”

“अकराला उठेल. सव्वाअकराला नीट चालेल.”

“मग सव्वाअकराला सोड.”

“पुढची चारला हाय. ऑर्डर कोणाची?”

“माझी.”

“तू कोण गो?”

“मी खिडकी.”

सुजय हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने बिडी विझवली. “माझं नाव नको येऊ देऊ कुठं.”

“नाय येणार.”

तिने मितेशला फोन केला. तोही आपल्या घरी गणपतीच्या गडबडीत असणार. फोन तीनदा वाजून बंद झाला. मग संदेश पाठवला: ‘११.१५ ला लाँच सोडते. माणसं ३२, गणपती ११.’ धक्क्यावर जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं, “पाणी परत फिरलंय. सव्वाअकराला निघेल. सावलीत बसा.”

“आता हे तरी खरं का?” व्हिडिओवाल्याने विचारलं.

“बसा,” धोंडुबाई त्याच्यावर खेकसल्या. “पाटी लावलीय ना तिनं!”

पाणी आलं. आधी गाळातल्या चरांतून, मग खेकड्यांच्या बिळांवरून, मग लाँचच्या पोटाखाली. सव्वाअकराला इंजिन सुरू झालं. माणसं चढली, गणपती हातोहात आत गेले. पोपट शेवटी चढला आणि पाठ फिरवून उभा राहिला. नूतन लाँच समोरच्या देवळापाशी लागेपर्यंत बघत होती. नंतर सुजयने सांगितलं की रोहेकर मूर्ती घेऊन पळतच सुटला, आणि भटजी त्याला त्याच्याच दारात भेटला.

दुपारी मितेशचा फोन आला नाही, नोटीस आली. वेळापत्रकाबाहेर फेरी का सोडली, तीन दिवसांत खुलासा करावा. सोबत अर्ज. त्यात कारणाच्या रकान्यात निवडायला तीनच शब्द होते: हवामान, तांत्रिक, इतर. संध्याकाळी आरती झाल्यावर नूतनने काळुरामांपुढे बसून ‘इतर’वर बोट ठेवलं आणि पुढच्या चौकटीत लिहिलं: ‘पाणी आलं होतं.’

“पुरे का, आबा?”

“अजून काय लिवणार?” म्हाताऱ्याने मोदकाची वाटी तिच्याकडे सरकवली. “जेव आता. सकाळपासून उभी हायस.”

दुसऱ्या दिवशी नूतन नेहमीच्या वेळी खिडकीवर गेली. येऊ नका असं अजून कोणी सांगितलं नव्हतं. पाटीवर लिहिलं: ‘पंचमी. पाणी ३।।।’, म्हणजे पावणेचार.

चारच्या लाँचने पोपट रात्रपाळीला जायला आला. जाळीतून पानात बांधलेला प्रसाद आत सरकवला. “आईने दिलाय.”

“बसले ना गणपती वेळेवर?”

“व्हय.” तो पाटीकडे बघत होता. “उद्या सकाळी साडेनऊला परत यायचंय मला. जाईल?”

“उद्या षष्ठी. साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला सुकती. नाय जाणार. सातला शिफ्ट सुटली की एसटीने जा, नायतर दुपारपर्यंत थांब.”

“खरं ना?”

“खरं.”

पोपटने मान डोलावली. चार पावलं गेला, थांबला, खिशातून फोन काढून अ‍ॅप पाहिलं. मग धक्क्याच्या टोकावर चहाच्या टपरीशी धोंडुबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडे गेला. नूतनला शब्द ऐकू आले नाहीत. धोंडुबाईंनी बोटांवर काहीतरी मोजून त्याला सांगितलेलं मात्र दिसलं.