डाव्या काठावर बाबा

विहिरीत पोहायला शिकलेला माणूस समोर बघत नाही. समोर बघण्यासारखं असतं काय? दगड. चार हात मारले की दगड येतो, म्हणून तो वळतो आणि वळतच राहतो. आमच्या शेतातल्या गोल विहिरीत मी तसाच पोहायचो, घाण्याच्या बैलासारखा, काठ डाव्या हाताला ठेवून. त्या काठावरून बाबा चालायचे. लहानपणी पाठीला तेलाचा रिकामा डबा आणि कमरेला दोर बांधून त्यांनी मला पाण्यात सोडलं, तेव्हा दोराचं दुसरं टोक त्यांच्या हातात असल्यामुळे त्यांना माझ्याबरोबर चालावंच लागे. पुढे डबा सुटला, दोर सुटला, त्यांचं चालणं काही सुटलं नाही. श्वास घ्यायला तोंड डावीकडे वळवलं की त्यांचा पांढरा पायजमा दिसायचा. तो दिसला की पुढचा हात मारायचा. पोहणं म्हणजे मला एवढंच माहीत होतं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरकडचं, कॉलेज अमरावतीला. तिथल्या खेळाच्या सरांनी मला ट्रायथलॉनला लावलं. त्यातली सगळ्यात छोटी शर्यत: साडेसातशे मीटर पोहायचं, ओल्या अंगाने वीस किलोमीटर सायकल हाणायची आणि वर पाच किलोमीटर पळायचं. घरी सांगितलं तेव्हा बाबा तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "ज्याले एक काम धड येत नाई, तो तीन करते." पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज माझ्याआधी विहिरीवर हजर.

या वेडाला कारण होतं. दिवाळीनंतर हंगामाची पहिली स्पर्धा अमरावतीला व्हायची होती. तिच्यात पहिले तिघं राज्यावर जाणार होते. राज्यात नंबर लागला तर खेळाडूंच्या जागेतून सरकारी नोकरीला लागायची आशा होती. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हतो. आणि हे नाही जमलं तर अकोल्याला मामाचं कृषी केंद्र माझी वाट बघत होतं. बियाणं, खत आणि फवारणीचं औषध विकायला त्याला घरचा माणूस हवा होता.

कामाला मी कधी नाही म्हटलं नसतं. पण त्या वर्षांत आमच्याकडे फवाऱ्याच्या औषधाला माणसं दचकायची. उरलेला डबा आई घरात येऊ द्यायची नाही, शेतातच पुरायला लावायची. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला माणूस तसल्याच डब्यातलं औषध पिऊन गेला होता. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेणाऱ्यांत बाबा होते. त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, असं आईने एकदा सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. मामाचा निरोप आला तेव्हा मात्र ताटावरून उठले.

"मायं पोरगं ते डबे विकनार नाई."

"मंग खाईन काय तो?" आईने विचारलं.

त्या वर्षी पाऊस असा पडला की नसता पडला तरी चाललं असतं. सोयाबीनच्या शेंगांत दाणा भरला नाही. दसऱ्याला ओंजळीने पाणी घ्यावं इतकी भरलेली असायची ती विहीर अर्ध्यावर आली. हरभरा पेरलेला होता, त्याला पाणी द्यायची वेळ झाली होती. बाबांनी मोटर चालू केली नाही. मोटर चालली असती तर मला पोहायला पाणी उरलं नसतं. मी दोनदा म्हटलं, बाबा, ओलीत करून घ्या. ते म्हणाले, "हरभरा पुढच्या साली बी येते. तू पोह." गावातले लोक विहिरीवरून जाताना थांबायचे. "पोराले मासा बनवून रायला का गा?" असं विचारायचे. बाबा त्यांच्याकडे न बघता चालत राहायचे. मला हसूही यायचं आणि लाजही वाटायची. एवढं कोणी आपल्यावर लावलं की माणसाला नीट श्वास घेता येत नाही.

स्पर्धेला या, असं मीच त्यांना म्हटलं. ते नको म्हणत होते, कापसाची वेचणी चालू होती. मी हट्ट धरला. पहिल्या एसटीने ते इस्त्रीचा पायजमा घालून, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून आले. सायकल मला एका मित्राने दिली होती. त्याच्या वडिलांचं अमरावतीत सायकलचं दुकान होतं आणि त्यातली एकुलती एक गिअरची सायकल त्याने बापाची नजर चुकवून काढली होती. "जीत के ला, नहीं तो कम से कम धो के ला," एवढंच तो म्हणाला. तलावाच्या घाटावर शहरातली पोरं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून हातपाय झटकत होती. उन्हाळाभर कुठल्या तलावात सराव केला, हे एकमेकांना सांगत होती. मला त्यांचा राग आला. कारण नव्हतं, पण आला.

तलावाच्या मध्यात एक पिवळं पिंप तरंगत ठेवलं होतं; घाटाच्या डावीकडचा काठ सुरुवातीला त्याच दिशेने पुढे गेलेला होता. घाटावरून सरळ पिंपाकडे जायचं, त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. सरांनी बजावून सांगितलं होतं, दर थोड्या वेळाने मान वर कर आणि पिंप बघ. मला ते पाठ होतं. शिट्टी झाली, सगळे एकदम पाण्यात पडले आणि कोणाची तरी टाच माझ्या नाकावर बसली. नाकातोंडात पाणी गेलं. विहिरीत मला कधी कोणी लाथ मारली नव्हती. मी घाबरलो, श्वासासाठी तोंड डावीकडे वळवलं, आणि काठावर पांढरा पायजमा दिसला.

बाबा चालत होते. माझ्याच गतीने, हात मागे बांधून, विहिरीवर चालायचे तसेच.

जीव भांड्यात पडला. मी हात मारायला लागलो. पायजमा दिसायचा, हात मारायचा. लाथा बंद झाल्या, पाण्याचा कल्लोळ मागे पडला. आजूबाजूला कोणीच उरलं नाही. मला वाटलं, मी सगळ्यांच्या पुढे निघून गेलोय. आयुष्यात तेवढा आनंद मला परत झालेला नाही, आणि हे सांगायची मला आता लाजही वाटत नाही. काठावरून बाबांचा आवाज येत होता, "चाल बेटा, चाल!"

मग शिट्ट्या ऐकू आल्या. होडीतला माणूस ओरडत होता, "ओ भाऊ! कुठी चालला? पिंप तिकडं रायलं!"

मी मान वर केली. समोर जलपर्णी होती आणि तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेली एक म्हैस माझ्याकडे बघत होती. तलावाचा काठ डावीकडे वळून आत शिरला होता. बाबा काठाकाठाने वळले होते, आणि काठ डाव्या हाताला ठेवून मीही त्यांच्यामागे वळलो होतो. पिंप पार उजवीकडे, लांब राहिलं होतं. त्याला वळसा घालून पोरं परत निघालीसुद्धा होती. पिंपाचं मी बाबांना सांगितलंच नव्हतं; ते अजून ओरडतच होते, चाल बेटा, चाल.

तरी मी पिंपाला जाऊन आलो. सायकल उचलली तेव्हा घाटावर दोनचारच सायकली उरल्या होत्या. मी दात खाऊन हाणली. कितीतरी जणांना मागे टाकलं, पळताना आणखी काहींना टाकलं, शेवटी पोटात कळ आली तरी थांबलो नाही. राज्यावर जाणाऱ्या तिघांची नावं पुकारली. त्यांत मी नव्हतो. सर माझ्याजवळ आले आणि पाठीवर हात ठेवून निघून गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बाबांनी झाडाखाली भाकरी सोडून ठेवली होती. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. "पान्यात तं तू सगळ्यात पुढं होता ना? मी पायलं. तुया जवळपास कोनी नोतं."

मी काही बोलण्याआधीच होडीवाला हसत हसत तिथे आला. त्याच्या मनात वाईट काही नसावं. "काका, तुमचं पोरगं तं तुमच्यासंगं फिराले निघालं होतं," तो म्हणाला. "तुमी वळले, का ते वळलं."

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी परत फडक्यात ठेवला, फडक्याला गाठ मारली आणि पाण्याकडे बघत बसले. परतीच्या एसटीत त्यांनी विचारलं, "तू मायाकडं पाहून पोहत होता का?"

"नाई बाबा. चष्म्यात पानी गेलतं."

"हं," ते म्हणाले. माझा पोहायचा चष्मा तेव्हा माझ्या मांडीवर होता. आत पाण्याचा थेंब नव्हता, आणि ते त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटरच्या आवाजाने जागा झालो. बाबा हरभऱ्याला पाणी देत होते. संध्याकाळपर्यंत विहिरीत नुसता गाळ राहिला. हरभरा तोवर पिवळा पडून गेला होता. त्या पाण्याचा कोणालाच काही उपयोग झाला नाही, ना मला ना त्याला. मामाला निरोप आईने पाठवला. बाबा त्याच खोलीत होते, पण या वेळी ते उठले नाहीत.

अकोल्याला निघायच्या दिवशी मी पाया पडलो. गावातून कोणीही निघालं, अगदी पाहुणा असला तरी, बाबा त्याला फाट्यापर्यंत पोचवायला जायचे आणि एसटी हलेपर्यंत उभे राहायचे. आईने त्यांच्या चपला दाराशी आणून ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या नाहीत. खाटेवर बसूनच म्हणाले, "तू जाय. मी काठावर असलो का तू सरळ जात नाई."

आईला ती गंमत वाटली, ती हसली. तलावात काय झालं, ते तिला आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि एकटाच फाट्याकडे निघालो.